सतार घेऊन दहा दिवस घराबाहेर

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४६, विमा कंपनीत नोकरी. सात वर्षांपासून त्या सतार शिकतात. आठवड्यातून एकदा ४५ मिनिटांचा क्लास, त्यात तिघी जणी. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण परीक्षा झाली आहे. घरचा रियाज रोज अर्धा तास, तोही रात्रीची आवराआवर झाल्यावर. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात कर्जतजवळ सतार, गिटार आणि मेंडोलिन वाजवणाऱ्यांसाठी दहा दिवसांचं निवासी शिबिर आहे. राहणं-जेवण धरून फी २८ हजार रुपये. तिथे समूहवादन शिकवणार, शेवटच्या दिवशी कार्यक्रम होणार. त्या लिहितात : ‘तबल्याबरोबर वाजवताना माझी लय पळते. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नाही. तिथे सगळी कॉलेजची मुलं असतील. सरांना विचारलं तर तिकडे जाऊन हात बिघडेल, एवढंच म्हणाले. डावं मनगट अधूनमधून दुखतं. घरी सासूबाई आहेत, मुलगा बारावीत जाणार. दोन वर्षं अजून तयारी करून मग जावं, की आत्ताच?’

ताई,

आधी तुमच्या त्या दोन वर्षांबद्दल बोलू. आणखी दोन वर्षं घरी घासलं की शिबिराला जाण्याइतका हात होईल, असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुम्ही सांगितलेली मुख्य अडचण लयीची आहे आणि ती एकटीनं बसून सुटणं फार कठीण. एकटं वाजवताना अवघड जागा आली की आपण नकळत थबकतो, सोपी जागा आली की धावतो. ते कळतही नाही, कारण त्या खोलीत दुसरं कुणी मात्रा मोजत नसतं. सात वर्षांत ही सवय बोटांत मुरली आहे, दोन वर्षांनी ती नऊ वर्षांची होईल. शेजारी पाच जण तीच गत (तालात बांधलेली रचना) वाजवत असले, की पुढे पळालेलं बोट त्याच क्षणी कानाला टोचतं. म्हणजे ज्या उणिवेपायी तुम्ही शिबिर पुढे ढकलताय, ती भरून निघायची जागा शिबिरच आहे.

तेव्हा माझा कौल जाण्याकडे आहे. मात्र पैसे भरायच्या आधी तीन कामं उरकून घ्या : मनगट दाखवणं, सरांशी नीट बोलणं आणि आयोजकांना एक सविस्तर फोन.

फोनपासून सुरुवात करते, कारण निवासी शिबिराबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच दूर होतो. दहा दिवस म्हणजे भरपूर शिकवणी, असं वाटतं. हिशेब करून बघा. पहिला दिवस पोचण्यात आणि गट पाडण्यात जातो, शेवटचा कार्यक्रमात. उरले आठ. रोज दीड तासाचा सतारीचा वर्ग आणि त्यात बारा जण असतील, तर तुमच्या वाट्याला शिक्षकांची साडेसात मिनिटं येतात. आठ दिवसांत एक तास. तुमच्या क्लासमध्ये तिघींत ४५ मिनिटं, म्हणजे आठवड्याला पंधरा. महिन्याभरात तुम्हाला सरांकडून तेवढाच वेळ मिळतो. नुसत्या शिकवणीच्या दृष्टीनं पाहिलं तर २८ हजारांत एका महिन्याचा क्लास पदरात पडतो. शिबिराची खरी किंमत बाकीच्या तासांत आहे. सलग आठ दिवस रोज ताल धरून इतरांबरोबर वाजवणं, दुसऱ्याची चूक दुरुस्त होताना ऐकणं, सकाळी शिकलेलं संध्याकाळी पुन्हा हाताखालून घालणं. आठवड्याच्या क्लासमध्ये दोन भेटींच्या मध्ये सहा दिवस जातात आणि शिकलेल्यातलं निम्मं त्यात वाहून जातं. इथे मध्ये फक्त एक रात्र असते.

म्हणून आयोजकांना विचारायचं ते असं. एका शिक्षकामागे किती जण? समूहवादनाला रोज किती वेळ, आणि त्यात तबला प्रत्यक्ष असतो की यंत्रावर? प्रत्यक्ष तबला नसेल तर तुमच्यासाठी त्या शिबिराचं मोल निम्म्यानं कमी होतं. वर्ग ध्वनिमुद्रित करू देतात का? रियाजाला वेगळी जागा आहे, की एकाच सभागृहात वीस जण एकाच वेळी खुंट्या पिळणार? शेवटच्या कार्यक्रमात वाजवणं सक्तीचं आहे का? रात्री कितीला दिवे बंद होतात? हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. अशा ठिकाणी मैफली रंगत जातात, रात्रीचे दोन वाजतात आणि चौथ्या दिवशी अर्ध्या लोकांची बोटं झोपेअभावी जड झालेली असतात. तुमच्या वयाला सात तास झोप हवीच, मग एखादी मैफल चुकली तरी चालेल.

आता सुराचा प्रश्न. सतार, गिटार आणि मेंडोलिन एकत्र बसवणारे आयोजक याचा आधी विचार करतातच असं नाही. तुमची सतार बहुधा काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला (सी शार्प), लावलेली असणार. गिटारवाल्याला तिथे यायला अडचण नाही, पहिल्या पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारी पकड, लावली की तो सी मेजरचे नेहमीचे आकार धरून काळी एकमध्ये वाजवतो. मेंडोलिनचं तसं नाही. त्याच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. काळी एकच्या बिलावल थाटात (सगळे शुद्ध स्वर) यातली एकही मोकळी तार लागत नाही, त्यामुळे मेंडोलिनवाल्यांना पांढरी एक (सी) किंवा पांढरी दोन (डी) सोयीची पडते. मग सतारवाल्यांना सांगितलं जातं, ‘अर्धा सूर तर चढवायचा आहे.’ याला नम्रपणे नकार द्या. अर्धा सूर वर चढवला की प्रत्येक तारेवरचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. वीसएक तारांचा तो जादा भार तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर येतो. बाजाची, म्हणजे सूर वाजवायची मुख्य तार मींड घेताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) तुटते ते वेगळंच. उतरायला मात्र हरकत नाही. पांढरी एक ठरली तर मींड थोडी सैल लागेल, जवारीचा (तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या माथ्यामुळे येणारा) आवाज जरा बसका वाटेल, पण वाद्याला धोका नाही. फक्त हे काम तिथे जाऊन करू नका. तरफाच (पडद्यांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) अकरा ते तेरा असतात, त्या नव्या सुरावर टिकायला दिवस घेतात. निघायच्या चार-पाच दिवस आधी घरीच उतरवून ठेवा आणि रोज थोडी थोडी जुळवत राहा.

सुराबरोबर रागही विचारून घ्या. गिटारवाला एका रागातून दुसऱ्या रागात क्षणात जातो. तुमच्या सतारीवर मात्र रिषभ आणि धैवत या स्वरांना बहुतेक सप्तकांत एकेकच पडदा आहे. यमन, भूप, देस, दुर्गा असेल तर पडदे आहेत तिथेच राहतात. भैरव आला की रिषभ-धैवताचे पडदे सरकवायचे आणि तरफाही कोमल स्वरांवर आणायच्या, म्हणजे सवय नसेल तर पंधरा मिनिटं गेली. वेळापत्रकात दोन रागांच्या मध्ये पाचच मिनिटांची सुट्टी असेल, तर आधीच सांगा की सतारवाल्यांना वेळ लागेल. हे सांगणं म्हणजे तक्रार नाही, आयोजकांना त्याचा उपयोगच होतो.

एक बारकावा आणखी. गिटारचे पडदे ठोकलेले, समान अंतरांच्या सप्तकाचे. तुमचा शुद्ध गंधार तानपुऱ्याशी जुळवलेला. तो गिटारच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरता असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सातवा भाग. एकट्यानं वाजवताना तुमचा गंधार गोड, आणि गिटारनं कॉर्ड धरला की तोच बेसुर वाटतो. अनेक सतारवाले इथे घाबरतात आणि सगळी सतार पुन्हा लावत बसतात. तसं करू नका. त्या रचनेपुरता मध्य सप्तकातला गंधाराचा पडदा घोडीच्या दिशेनं जेमतेम चार मिलीमीटर सरकवा. निषादालाही तसंच, किंचित. मूळ जागेवर दांडीच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवा, रचना संपली की पडदा परत त्या खुणेवर.

नोटेशनची धास्ती सोडून द्या. रचना तीन आठवडे आधी मागवा आणि गिटार शिकणारं ओळखीचं कुणी गाठून तुमची ओळ त्याच्याकडून एकदा वाजवून घ्या. ऐकत ऐकत ती भातखंडे पद्धतीत (आपल्या सा-रे-ग लिपीत) उतरवा, वर मात्रांचे आकडे आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची खूण. समूहवादनात सतारीची ओळ बहुधा एकेरी सुरावटीची असते, ती आपल्या लिपीत सहज मावते. कॉलेजच्या मुलांचंही तेच. त्यांची बोटं तुमच्याहून जलद चालतील, हे खरं आहे. पण समूहात जलद बोटांपेक्षा समेवर येणारा माणूस हवा असतो.

आता सर. ‘हात बिघडेल’ या दोन शब्दांवर तुम्ही रुसलेल्या दिसता. गुरूला न आवडणारी गोष्ट करतोय, अशी बोचही पत्रात आहे. पण सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते समजून घ्या. सतारीचे दोन मोठे प्रवाह आज शिकवले जातात. रविशंकरांच्या पद्धतीच्या सतारीवर वरच्या तारा सात, त्यांत खर्जाच्या (खालच्या सुरांच्या) जाड तारा, जवारी खुली (झणकार जास्त). विलायत खाँ यांच्या पद्धतीत वरच्या तारा सहा, खर्ज नाही, जवारी बंद (झणकार कमी), आणि गायकी अंगाची लांब मींड. मिजराबीचा (बोटात घालायच्या तारेच्या नखीचा) आघात, तारांचा क्रम, चिकारीचं (कडेच्या लय धरणाऱ्या तारांचं) काम, सगळंच थोडं थोडं वेगळं. शिबिरातले शिक्षक दुसऱ्या पद्धतीचे निघाले आणि दहा दिवसांत त्यांनी तुमचा उजवा हात बदलायला घेतला, तर जूनमध्ये तुम्ही धड इकडच्या नाही, धड तिकडच्या नाही अशा अवस्थेत परत याल. ते निस्तरायला सरांचे सहा महिने जातील. त्यांच्या मनात बहुधा हेच असणार.

तेव्हा परवानगी मागू नका, सल्ला मागा. ‘सर, मला तिथे ताल पक्का करायचाय. तिथून काय घेऊ, काय घेऊ नको ते सांगाल का?’ असं विचारून बघा. बहुतेक शिक्षक इथे मोकळे होतात. ते जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि शिबिरात पहिल्याच दिवशी तिथल्या शिक्षकांना सांगा की माझे बोल (दा, रा हे मिजराबीचे आघात) अमुक पद्धतीचे आहेत, ते मला तसेच ठेवायचे आहेत. चांगला शिक्षक याचा मान राखतो. एक गोष्ट मात्र पक्की : शिबिरात कुणालाही जवारी घासू देऊ नका, तारांचा क्रम बदलू देऊ नका. कानस एकदा फिरली की मागे नेता येत नाही.

सरांना समूहानं शिकणंच मुळात परकं वाटत असेल, तर विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण करून द्यायला हरकत नाही. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत आणलं, आणि वर्गात बसवून अनेकांना एकत्र शिकवलं. तुम्ही दिलेल्या परीक्षा त्याच परंपरेतल्या आहेत.

मनगटाचं मात्र मी हलक्यानं घेणार नाही. रोज अर्धा तास वाजवून दुखणारं मनगट शिबिरात रोजचे चार तास सोसणार नाही. आधी घरी एक चाचणी करा. नेहमीसारख्या बसा, उजवा हात भोपळ्यावर ठेवा आणि डावा हात दांडीवरून पूर्ण काढून घ्या. सतार जागच्या जागी राहिली पाहिजे. ती डावीकडे कलली, तर तुमचा डावा हात इतकी वर्षं सुरांबरोबर दांडीचं ओझंही पेलत आला आहे, आणि दुखण्याचं कारण बहुधा तेच. उजवं कोपर भोपळ्यावर किती पुढे येतं, मांडीखालची उशी किती उंच आहे, हे सरांकडून तपासून घ्या. दुसरं बघा, मींड ओढताना जोर कुठून येतो. नुसत्या बोटांनी आणि वळलेल्या मनगटानं ओढलं तर शीर धरते. मनगट सरळ ठेवून सगळा पंजा कोपरापासून खाली आला पाहिजे. दांडीमागे अंगठा रुतत असेल तर तोही सैल करा. एवढं करून दुखणं पंधरा दिवसांत उतरलं नाही, बोटांना मुंग्या येत असतील, किंवा वाजवल्यानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही राहत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत फी भरू नका.

मनगट ठीक निघालं, तर शिबिरापर्यंत तुमच्याकडे आठ आठवडे आहेत. रोजच्या तीस मिनिटांत दर आठवड्याला दहाच मिनिटांची भर घाला. आठव्या आठवड्याला तुम्ही ११० मिनिटांवर पोचाल. ती सलग नको, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडा, मध्ये पाच मिनिटं हात मोकळा. सकाळी निघण्यापूर्वी एक तुकडा बसवता आला तर फार बरं. रात्री नऊनंतर दमलेला हात नवीन काही शिकत नाही, जुनंच गिरवतो. एकदम दोन तासांवर उडी मारली, तर तर्जनीला तारेची चीर पडते, कातडी फाटते आणि चार दिवस वाया जातात. घट्टे हळूहळू बनू द्या. भांडी किंवा कपडे धुतल्यावर लगेच सतारीला बसू नका, ओली कातडी तारेखाली चटकन चिरते. खोबरेल तेलाचा बोळा जवळ ठेवा.

या आठ आठवड्यांत नवे राग नकोत. यमनमधली एक मसीतखानी (संथ) आणि एक रजाखानी (जलद) गत घ्या, दोन्ही सोळा मात्रांच्या तीनतालातल्या. मसीतखानीचा मुखडा (समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा) बाराव्या मात्रेपासून उठतो : दिर दा दिर दा रा, आणि दा वर सम. लय पळणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. तान संपली की ते बाराव्या मात्रेची वाट न पाहता मुखडा उचलतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. रोज दहा मिनिटं सतार बाजूला ठेवा, हातानं ताल धरा आणि गत बोलांसकट म्हणा. मग तबल्याच्या ॲपवर मिनिटाला ६० मात्रा लावून रजाखानी वाजवा. ६० ला दहा आवर्तनं सलग समेवर आलात, तरच ६६ ला जा. मुंगीच्या पावलानं जा. दर दोन दिवसांनी तीन मिनिटं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. कुठल्या जागी पळता ते वहीत लिहा. महिनाभरात दिसेल की तुम्ही सगळीकडे पळत नाही, ठराविक तीन-चार जागीच पळता. शिबिरात सांगायला मग तुमच्याकडे नेमकी गोष्ट असेल.

शिबिरातही दिवसाला चार तासांहून जास्त वाजवू नका, वेळापत्रकात सहा असले तरी. उरलेले दोन तास सतार मांडीवर ठेवून नुसतं ऐका, हातानं ताल धरा. शिक्षकांना आधी सांगितलं की कुणी आळशी म्हणत नाही.

आता सतार नेण्याचं. चार फुटांचं वाद्य लोकलमधून न्यायचं म्हणून बऱ्याच जणी बेत रद्द करतात. डोंबिवलीहून सकाळी कर्जतकडे जाणारी गाडी गर्दीच्या उलट दिशेची असते, जागा मिळते. कापडी गवसणी घरापुरती ठीक, प्रवासाला फायबरची कडक पेटीच हवी. स्वतःची नसेल तर शिबिरापुरती कुणाची मागून घ्या. वरचा छोटा भोपळा फिरवून काढा आणि कापडात गुंडाळून वेगळा ठेवा. बाज आणि जोड (बाजाशेजारची तार) एखादा सूर उतरवा, पण सगळ्या तारा सैल सोडू नका. घोडी तारांच्या दाबानंच जागेवर बसलेली असते, दाब गेला की सरकते आणि मग कर्जतला पोचून सगळं सूरगणित बिघडलेलं सापडतं. तिच्या पायांभोवती आधीच पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. तारा आणि पडदे यांच्यामध्ये मऊ सुती कापड सरकवा. पेटी वरच्या फळीवर नको, आपल्या दोन पायांमध्ये उभी धरा. सतार पडली की बहुधा दांडी आणि भोपळा जोडणाऱ्या गुलूपाशी तडकते, आणि ती दुरुस्ती मिरजेच्या कारागिरांपर्यंत न्यावी लागते.

कुणी गाडीनं सोडणार असेल तर वाटेत चहाला थांबताना सतार गाडीत ठेवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ताप फार चढतो, सरस मऊ पडतो, लाखेचं पॉलिश पेटीच्या अस्तराला चिकटतं. कर्जतची हवाही डोंबिवलीसारखी नाही. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी, आणि घरच्या दमट हवेत घट्ट बसणाऱ्या खुंट्या तिथे फिरकीसारख्या सुटतात. खडूचा तुकडा बरोबर ठेवा, खुंटीच्या बुंध्याला थोडा घासला की पकड येते. बाजाच्या तीन जादा तारा घ्या. बाज बहुधा ०.३० मिलीमीटर असतो, पण तुमच्या सतारीवर आहे तीच जाडी दादरच्या दुकानातून आणा, अंदाजानं नको. चिकारीच्या दोन, तरफांच्या चार. मिजराबी दोन, दोन्ही आधी बोटावर बसवून वापरलेल्या. नवी मिजराब ऐन वर्गात बोट कापते. वीज जाते हे धरून क्लिपवाल्या ट्यूनरचा जादा सेल ठेवा. बसायला स्वतःची उशी, तीच ज्यावर घरी बसता. मे अखेरीला वळवाची सर येते, तेव्हा पेटीवर घालायला प्लास्टिकचा मोठा कागद. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, घामानं पोलादी तार दोन दिवसांत गंजते.

गिटार-मेंडोलिनवाल्या वाचकांसाठी थोडं. नायलॉनच्या तारा बदलायच्या तर आठवडाभर आधी बदला, त्या ताणून स्थिर व्हायला पाच-सहा दिवस खातात. पोलादी तारांना दोन दिवस पुरतात. बऱ्याच मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, म्हणून आठही तारा एकदम काढू नका, एक काढा, तीच लावा, मग दुसरी. नखांनी वाजवणाऱ्यांनी बारीक कागदी कानस बरोबर ठेवावी, कोरड्या हवेत नख लवकर तुटतं.

घराबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत, पण सर्वांत लांब तोच परिच्छेद आहे. दहा दिवस तुम्ही नसलात तर काय काय अडेल याची यादी तुम्हीच केली आहे : सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचं क्लासचं वेळापत्रक, गॅसचा नंबर. ही यादी कागदावर काढून फ्रिजवर लावता येण्यासारखी आहे. यातलं तुमच्यावाचून खरोखर अडणारं मला एकही दिसलं नाही. मुलगा सतरा वर्षांचा आहे, आजीच्या गोळ्या तो देऊ शकतो. यजमानांबद्दल पत्रात एक ओळही नाही. त्यांना विचारलंय का? आधी विचारा, उत्तर गृहीत धरू नका.

तरीही या वर्षी जमलं नाही, किंवा डॉक्टर नको म्हणाले, तर दोन वर्षं थांबायचं कारण नाही. क्लासमधल्या दोघींना घेऊन दर रविवारी सकाळी दीड तास एकत्र बसा, महिन्यातून दोनदा तबल्याच्या विद्यार्थ्याला मानधन देऊन बोलवा. तोही शिकत असतो, त्यालाही साथीचा सराव हवा असतो. लयीचं काम यातूनही होतं, फक्त दहा दिवसांऐवजी सहा महिने लागतात. काही शिबिरं निम्म्या दिवसांसाठीही घेतात, पण तुमच्यासाठी ते मला पटत नाही. पहिले तीन दिवस बुजण्यात जातात, लय सापडते ती पाचव्या-सहाव्या दिवशी, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही पेटी भरत असाल.

गेलात तर रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं वहीत लिहा : आज कुठल्या मात्रेवर चुकले, शिक्षकांनी काय सांगितलं, कुणाबरोबर वाजवताना सोपं गेलं. त्या शेवटच्या रकान्यात ठाणे-कल्याण पट्ट्यातलं एखादं नाव आलं, तर त्या व्यक्तीचा नंबर घेऊनच निघा, पावसाळ्यात रविवारची जोडी तिच्याबरोबर जमेल. परतल्यावर पहिला आठवडा रियाज एक तासावर आणा, हाताला विश्रांती लागते. आणि जूनच्या पहिल्या क्लासला सतार गवसणीतून काढायच्या आधी ती वही सरांसमोर ठेवा, त्यांनी सांगितलेलं पहिलं पान उघडून.